गाडीवर दंड आहे, असा फोन आला तर

समजा, छत्रपती संभाजीनगरच्या पडेगावातल्या एका घरात दुपारी फोन वाजतो. पलीकडचा माणूस घाईत असतो. "ट्रॅफिक ऑफिसमधून बोलतोय. तुमच्या स्कूटरवर तीन पावत्या थकल्यात. आज भरल्या नाहीत तर लायसन्स रद्द होईल, कोर्टातून वॉरंट निघेल." मग तो एमएच २० पासून पुढचा अख्खा नंबर वाचून दाखवतो, मालकाचं नावही सांगतो. दोन्ही बरोबर असतं. ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो तो नेमका इथे.

यात भोळेपणा म्हणावा असं काही नाही. पडेगावहून छावणी, नगर नाका करत शहरात रोज ये-जा करणाऱ्या माणसाला आठवतंच की, मागच्या आठवड्यात हेल्मेट घरी राहिलं होतं, किंवा सिग्नल पडता पडता गाडी काढली होती. चौकांत कॅमेरे आहेत, पोलिसांच्या हातात फोटो काढणारी यंत्रं आहेत. म्हणजे दंड खरोखर असू शकतो. फोन करणारा या धाकधुकीवरच डाव टाकतो. त्याने सांगितलेल्या नंबरात तर गुपित काहीच नाही, तो गाडीच्या मागे-पुढे रंगवलेला असतो. नाव आणि मोबाइल नंबर कुरिअरच्या पाकिटावरही छापलेले असतात.

खरं ई-चलान कसं तयार होतं, हे एकदा नीट समजलं की हा फोन आपोआप पोकळ वाटू लागतो. नियम मोडलेल्या गाडीचा फोटो निघतो. नंबरावरून आरटीओच्या नोंदीतला मालक सापडतो आणि त्या नोंदीतल्या मोबाइलवर संदेश जातो. चलानाला क्रमांक असतो. गाडी, ठिकाण, तारीख, वेळ, कलम आणि रक्कम अशी सगळी नोंद त्यात असते. केंद्राच्या मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने, कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत पाठवायची अट घातली होती. या सगळ्या साखळीत मालकाकडून फोनवर विचारून घ्यावं असं काहीच उरत नाही. आधार क्रमांक नाही, जन्मतारीख नाही, एटीएम कार्ड तर नाहीच.

म्हणून फोन ठेवून द्यावा. वाद घालू नये, "पोलिसांत देईन" असंही बजावू नये. मग सवडीने आरसी बुक घेऊन बसावं आणि महाट्रॅफिकईचलान डॉट गव्ह डॉट इन हा पत्ता स्वतःच्या हाताने टाइप करावा. तिथे गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टाकले की थकलेला दंड समोर येतो. ही खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सरकारी जागा गाडीच्या कागदावरचे आकडे विचारते, बँकेतले नाही. पत्त्यातलं 'गव्ह डॉट इन' डोळ्यांत तेल घालून वाचावं. परिवहन, ईचलान असे ओळखीचे शब्द जोडून, फक्त 'गव्ह' गाळून बनवलेल्या खोट्या साइट्स यापूर्वी पकडल्या गेल्या आहेत.

अलीकडे फोनच्या जोडीला व्हॉट्सॲपवर एक फाइल येते. नाव असतं 'आरटीओ चलान' किंवा 'परिवहन', शेवटी मात्र 'एपीके' ही तीन अक्षरं असतात. हा कागद नव्हे, ॲप असतं. बोट लावलं की मोबाइल विचारतो, अनोळखी ठिकाणाहून आलेलं ॲप बसवायचं का? घाबरलेला माणूस 'हो' म्हणतो. पुढचा प्रश्न येतो, एसएमएस वाचायची परवानगी द्यायची का? तिथेही 'हो' झालं की बँकेचा ओटीपी चोरालाच परस्पर कळतो. कुणाला काही सांगावंही लागत नाही. जुलै २०२४ मध्ये क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीने अशीच टोळी उघडकीला आणली. सूत्रं व्हिएतनाममधून हलत होती, भारतातले ४,४०० हून अधिक फोन बाधित झाले होते आणि १६ लाख रुपयांहून जास्त रक्कम लुबाडली गेली होती. वाहतूक पोलीस एपीके फाइल पाठवत नाहीत.

सवलतीचं आमिषही दाखवलं जातं: "आत्ता भरा, निम्मेच लागतील." कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये थकलेल्या दंडावर खरोखर पन्नास टक्के सूट दिली होती, त्यामुळे हे खोटं पचतं. पण ती सूट सरकारी आदेशाने जाहीर झाली होती. अशा गोष्टी कुणा एकट्याच्या कानात सांगितल्या जात नाहीत. दंड चुकीचा वाटला तर महाट्रॅफिकईचलानच्या साइटवरच तक्रार करता येते, आणि थकलेली चलानं लोकअदालतीतही ठेवली जातात.

एका कामाकडे मात्र फार दुर्लक्ष होतं. आरटीओच्या नोंदीत अनेकांचा जुना, बंद पडलेला मोबाइल नंबर असतो. विकलेली गाडी अजून पहिल्याच मालकाच्या नावावर असते. खरा संदेश पोचतच नाही, आणि मग खोटा फोन खरा वाटतो. नंबर बदलून घेणं, गाडी विकल्यावर नाव उतरवणं, ही कामं या महिन्यातच उरकावीत.

आणि पैसे गेलेच तर? सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेला १९३० हा नंबर तत्काळ फिरवावा. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात सरकत असते. ती मधे कुठे गोठवता येईल, हे तक्रार किती लवकर झाली यावर ठरतं. पाठोपाठ बँकेला कळवावं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिली असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याला सोसावं लागतं, त्यानंतरचं बँकेने. ॲप बसलेला फोन विमान मोडवर टाकावा आणि हे सगळे फोन दुसऱ्या मोबाइलवरून करावेत. आलेले संदेश पुसू नयेत, तो पुरावा आहे. पडेगावकरांना छावणी पोलीस ठाणं जवळ आहे आणि शहर पोलिसांचं सायबर ठाणंही आहे. पैसे गेले नाहीत, नुसता फोन आला, तरी संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षु' सुविधेत तो नंबर कळवता येतो.

घरातल्या माणसांनीही जपून बोलावं. "तुला कळत कसं नाही" हे वाक्य ऐकावं लागेल या धास्तीने कितीतरी सासरे, आत्या, कॉलेजातली मुलं गप्प बसतात, आणि हातातला मोलाचा तास निघून जातो. आधी १९३० लावून द्यावा.

पडेगावातल्या त्या घरात समजा फोन ठेवला गेला. संध्याकाळी लेकीने आरसी बुक काढलं, चेसिसचे चार आकडे टाकले. तीन नव्हे, एकच पावती निघाली. फोटोत त्यांचीच स्कूटर, मागे ओळखीचा चौक, आणि हेल्मेट आरशाला अडकवलेलं. वडिलांनी चष्मा पुसून फोटो पाहिला आणि दंड तिथेच भरला.