गोंगाट कोणाच्या हाती?



संगीतावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे आपल्यापैकी काहीजण मनात म्हणत असतील. रागदारीतले आम्हांला फारसे कळत नाही. परंतु आज ज्या संगीताविषयी बोलायचे आहे, ते गोंगाटाचे संगीत आहे. आणि गोंगाट हा विषय कामगार चळवळीतल्या माणसाला परका नाही.

इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरात 'सुपरसॉनिक' नावाचा प्रायोगिक संगीताचा महोत्सव २००३ साली सुरू झाला. त्यातील एक दिवस आम्ही पाहिला. हा महोत्सव डिगबेथ या जुन्या कारखान्यांच्या वस्तीत वाढला. रेल्वेच्या विटांच्या कमानी, गोदामे, पत्र्याच्या शेडी, आणि त्यांत एक मोठा जुना कारखाना. तेथे एके काळी बर्ड यांची कस्टर्ड पावडर तयार होई. १९६० नंतरच्या दशकात ते काम दुसऱ्या गावी गेले, इमारत मागे राहिली आणि पुढे तिच्यात कलावंतांनी बिऱ्हाड केले. आरंभीची कित्येक वर्षे महोत्सव याच आवारात भरत असे. म्हणजे यंत्रे गेली आणि त्यांच्या जागी वाद्ये आली.

वाद्ये तरी कोणती? नावे आपल्या ओळखीची नाहीत, म्हणून आम्ही फक्त पाहिले ते सांगतो. दुपारी पहिल्या बँडात दोघेच जण होते. एकाने पत्र्याच्या तुकड्याला मायक्रोफोन चिकटवला आणि त्यावर सारंगीसारखा गज फिरवला. दुसऱ्या बँडाने चार गिटारी घेऊन एकच सूर वीस मिनिटे धरून ठेवला. तो आवाज कानांपेक्षा छातीला आणि पायाखालच्या जमिनीला आधी कळत होता. संध्याकाळी एका बँडाने विजेच्या यंत्रावर एकच ठोका लावून दिला. प्रेसखात्यात बसतो तसा तो ठोका, ना मागे ना पुढे. त्यावर एक ढोलवादक घामाघूम होऊन वाजवीत होता. कधी तो ठोक्याच्या आधी येई, कधी मुद्दाम नंतर. यंत्राला माणूस जबाब देत आहे, असे ते वाटत होते. आणि श्रोते? डोळे मिटून, मान हलवीत, स्वस्थ उभे. पैसे मोजून आलेले.

येथेच प्रश्न उभा राहतो. मुंबईच्या गिरण्यांत विणाईचे जे खाते, ज्याला आमची माणसे साचाखाते म्हणत, तेथे शंभराच्या आसपास डेसिबल आवाज असणे नवलाचे नव्हते. माणसे ओठांवरून आणि हातांच्या खुणांनी बोलत. पाळी सुटल्यावर घरी आलेला माणूस बायकोशी ओरडून बोले, कारण त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत नसे. ज्या आवाजातून सुटण्यासाठी आमच्या माणसांनी पदरचे पैसे दिले असते, तोच आवाज ऐकायला ही मंडळी तिकीट का काढतात?

ही थोडी जुनी गोष्ट आहे. लुइजी रुसोलो नावाच्या इटालियन चित्रकाराने १९१३ साली 'गोंगाटाची कला' असा जाहीरनामाच काढला. यंत्रयुगातल्या माणसाला यंत्रांच्या आवाजांचेच संगीत हवे, असे त्याचे म्हणणे. त्याने त्यासाठी पेट्यांसारखी वाद्ये तयार केली. २१ एप्रिल १९१४ रोजी मिलान शहरात ती वाजली तेव्हा सभागृहात हाणामारी झाली. पुढे ७ नोव्हेंबर १९२२ रोजी, रशियन क्रांतीच्या पाचव्या वाढदिवशी, बाकू शहरात आर्सेनी अव्रामोव याने कारखान्यांचे भोंगे, जहाजांचे कर्णे, इंजिनांच्या शिट्ट्या आणि तोफा यांचा मेळ बसवला. स्वतः उंचावर उभा राहून तो निशाणांनी खुणा करीत होता. जो भोंगा माणसाला पाळीवर हाकून नेतो, तो एक दिवस माणसाच्या खुणेने वाजला. दुसऱ्या दिवशी तोच भोंगा पुन्हा पाळीसाठी वाजला असणार, हेही आम्ही विसरत नाही.

बर्मिंगहॅमची एक गोष्ट तर प्रत्येक कामगाराने ऐकावी अशी आहे. टोनी आयोमी हा तेथला सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात होता. नोकरी सोडण्याचा त्याचा तो शेवटचा दिवस. गैरहजर कामगाराच्या जागी त्याला प्रेसवर उभे केले. आपल्या भाषेत सांगायचे तर तो बदली कामगार. प्रेस खाली आला आणि त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा होता, म्हणजे तारा दाबण्याचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटवले, गिटारीला हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या आणखी उतरवून सैल केल्या. त्यातून जो जड, खोल आवाज निघाला, त्यावर १९६८ साली निघालेल्या 'ब्लॅक सॅबथ' या बँडाची आणि त्यामागून आलेल्या एका मोठ्या संगीतपरंपरेची उभारणी झाली. डिगबेथला ऐकलेल्या चार गिटारी त्याच कुळातल्या.

ही गोष्ट लोक जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगतात. जिद्द आहेच. पण आम्हांला दोन गोष्टी दिसतात. एक, हातांचे रक्षण करणारी व्यवस्था त्या प्रेसला असती तर ती बोटे वाचली असती. प्रत्येक कापलेल्या बोटातून संगीत निघत नाही, बहुतेक बोटांतून नुसती बेकारी निघते. दुसरी, ज्या यंत्राने त्याला जायबंदी केले, त्या यंत्राचा जडपणा त्याने स्वतःच्या हाती घेतला. किती जोरात, किती वेळ, कोठे थांबायचे, हे आता प्रेस ठरवीत नव्हता, तो ठरवीत होता.

आमच्या मते सगळा भेद येथे आहे. आवाज मोठा की लहान, गोड की कर्कश, हा पुढचा प्रश्न. पहिला प्रश्न असा की, बटण कोणाच्या हाती आहे आणि दार कोणासाठी उघडे आहे? बर्मिंगहॅमचा श्रोता कानांत बोळे घालू शकतो, बाहेर येऊन चहा पिऊ शकतो. साचेवाल्याला साचा सोडून बाहेर येता येत नसे. १९८४-८५ साली ब्रिटनमधील खाणकामगारांचा संप चालू असता 'टेस्ट डिपार्टमेंट' हा लंडनचा बँड भंगारातल्या लोखंडावर घाव घालीत दक्षिण वेल्सच्या संपकरी खाणकामगारांच्या गायकवृंदाबरोबर उभा राहिला. तेव्हा त्या लोखंडाचा आवाज कोणाला कर्कश वाटला नसेल. तो त्यांचा स्वतःचा होता.

मात्र कानाला हे तत्त्वज्ञान कळत नाही. दहा डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दहापट होते, मग तो साच्याचा असो वा गिटारीचा. अशा सभागृहांतून श्रोता तासाभराने बाहेर पडतो. ग्लास भरून देणारी मुलगी आणि दारावरचा रखवालदार मात्र पाळी संपेपर्यंत तेथेच असतात. एकाच छताखाली एकाला ते संगीत आणि दुसऱ्याला ते साचाखाते! ब्रिटनमध्ये कामाच्या जागच्या आवाजाविषयीचे २००५ सालचे नियम संगीताच्या आणि करमणुकीच्या धंद्याला २००८ पासून लागू झाले, ते याच कारणाने. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यात आवाजाने येणारे बहिरेपण हे सरकारला कळवण्याच्या रोगांत घातले गेले. यादीत नाव आले. परंतु निवृत्त कामगाराला कमी ऐकू येऊ लागले की घरातले म्हणतात, वय झाले. कामामुळे झाले, असे म्हणण्याची आपल्याला अजून सवय नाही.

आणि आपल्या गिरणगावाचेही पाहा. १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. लोअर परळच्या एका गिरणीच्या आवारात २००७ साली 'ब्लू फ्रॉग' हे बँडांचे सभागृह निघाले आणि २०१६ पर्यंत चालले. तेथे उत्तम संगीत झाले, त्याबद्दल आमची तक्रार नाही. आम्ही एवढेच विचारतो की, ज्या चाळींनी भजनी मंडळे, दशावतार आणि शाहिरी पोसली, त्या चाळींतली किती मुले त्या दारातून आत गेली? कारखान्याच्या जागी संगीत आले तर आनंदच आहे. पण त्या संगीताच्या दारात कारखान्यातल्या माणसाचा मुलगा रखवालदार म्हणूनच उभा राहत असेल, तर बटण अजून दुसऱ्याच्याच हाती आहे.

हा विचार येत्या गणेशोत्सवात आपल्या गल्लीलाही लावून पाहा. मिरवणुकीतला ताशा नाचणाऱ्याला संगीतच आहे. परंतु खाटेवर पडलेल्या आजाऱ्याला खिडकी लावण्यापलीकडे काही करता येत नाही. म्हणून मंडळाच्या सभेत आवाज किती आणि किती वाजेपर्यंत हे ठरवताना त्या आजाऱ्याला आणि रात्रपाळी करून झोपलेल्या कामगाराला एक मत द्या. आणि कामाच्या जागी आवाज मोजून मिळावा, वर्षातून एकदा कान तपासून मिळावेत, ही मागणी कोणी पुढे आणली, तर ती किरकोळ समजू नका. ज्याचे कान शाबूत आहेत त्यालाच पुढे गोंगाटातले संगीत शोधता येईल.