एकटं गाठणारा फोन



माझी सगळी नोकरी बँकेत गेली, काउंटरच्या आतल्या बाजूला. 'ऑनलाइन फसवणूक' हा विषय व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी मला दिला तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असणार, की ओटीपी सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, एवढं बजावून हा गृहस्थ वेळेत खाली बसेल. पण ते तुम्हाला पाठ आहे. मध्यंतरी कुणालाही फोन लावला की पलीकडे रिंग वाजायच्या आधी अमिताभ बच्चन यांच्या आवाजात हाच इशारा ऐकावा लागायचा. लोक इतके वैतागले, की जून २०२५ मध्ये तो बंद करावा लागला. इशारे बँका देतात, पोलीस देतात, वर्तमानपत्रं देतात. आणि सरकारने संसदेत सांगितलेला आकडा काय आहे? सायबर फसवणुकीत लोकांचे २०२३ मध्ये ७,४६५ कोटी रुपये गेले, २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. एका वर्षात तिप्पट. ठाऊक असूनही माणूस फसतो कसा, यावर आज बोलू.

आधी एक फरक लक्षात घेऊ. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला होता. बँकेच्या यंत्रणेत घुसून, बनावट कार्डं वापरून २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. परदेशात वळवलेल्या रकमेसह आकडा ९४ कोटींच्या घरात गेला. त्यात ग्राहकाने काहीच केलं नव्हतं. चोर यंत्राशी लढला. आज आपण ज्या फसवणुकीबद्दल बोलतोय तिथे यंत्र शाबूत असतं. पासवर्ड बरोबर, पिन बरोबर, खातेदार खरा. पैसे बहुतेक वेळा खातेदारच पाठवतो, स्वतःच्या बोटाने. बँकेच्या संगणकाला त्यात वावगं काय दिसणार?

सुरुवातीचे प्रकार सोपे होते. झारखंडातल्या जामताड्याहून फोन यायचा, 'एटीएम कार्ड ब्लॉक झालंय, नंबर सांगा.' मग 'तुमचं केवायसी अपूर्ण आहे' हे निमित्त आलं. मग आपल्याकडे महावितरणच्या नावाने मेसेज फिरू लागला, की मागच्या महिन्याचं बिल भरल्याची नोंद नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या अधिकाऱ्याला फोन करा. वेळ कशी निवडली आहे पाहा. रात्री साडेनऊला महावितरणचं कुठलं कार्यालय उघडं असतं, जिथे जाऊन खात्री करावी? हल्ली व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका येते किंवा गाडीचं चलान येतं. ती खरं तर एपीके, म्हणजे अॅप बसवणारी फाइल असते. उघडली की ती फोनमध्ये ठाण मांडते आणि तुमचे एसएमएस चोराकडे परस्पर वाचले जातात. ओटीपी सांगावाच लागत नाही.

यातल्या काही वाटा बंदही झाल्या. *४०१* ने सुरू होणारा आकडा दाबायला लावून तुमचे कॉल परस्पर स्वतःकडे वळवण्याची युक्ती जोरात होती. असे कोड दाबून कॉल वळवण्याची सोय दूरसंचार खात्याने एप्रिल २०२४ मध्ये थांबवली. यूपीआयवर एका माणसाने दुसऱ्याकडे पैशांची मागणी पाठवण्याची सोयही ऑक्टोबर २०२५ पासून गेली. 'तुमचा जुना सोफा घेतो, पैसे मिळायला पिन टाका' असं सांगून लुटणारे त्यावरच जगत होते. पिन लागतो तो पैसे द्यायला. घ्यायला कधीच लागत नाही.

या सगळ्यापेक्षा मला धास्ती वाटते ती तथाकथित डिजिटल अटकेची. फोन येतो तो शांत, अदबशीर. तुमच्या नावाचं पार्सल मुंबई विमानतळावर सापडलंय, त्यात अमली पदार्थ आहेत. किंवा तुमच्या आधारवर उघडलेल्या खात्यातून काळा पैसा फिरलाय. मग व्हिडिओ कॉल. समोर गणवेशातला माणूस, मागे भिंतीवर राजमुद्रा. वॉरंट व्हॉट्सअॅपवर येतं, शिक्क्यासह. आणि मग खरी मेख: कॅमेरा बंद करायचा नाही, खोलीबाहेर जायचं नाही, बायकोला, मुलाला, कुणालाही सांगायचं नाही, हे राष्ट्रीय सुरक्षेचं प्रकरण आहे. पैसे 'पडताळणीसाठी' एका खात्यात टाका, निर्दोष ठरलात की परत मिळतील.

तुम्ही म्हणाल, यात शिकलासवरलेला माणूस अडकेल कसा? २०२४ मध्ये लुधियानातल्या एका बड्या वस्त्रोद्योग समूहाचे अध्यक्ष अडकले. ऐंशी ओलांडलेले, पद्मभूषण मिळालेले गृहस्थ. त्यांच्यासमोर सर्वोच्च न्यायालयाची खोटी ऑनलाइन सुनावणी भरवली, सरन्यायाधीशांच्या नावाने आदेश काढला आणि सात कोटी घेतले. त्यांनी तक्रार केली म्हणून त्यातले सव्वापाच कोटी परत मिळाले. सर्वोच्च न्यायालयाने या सगळ्या प्रकाराची ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली. खरं तर कायद्यात डिजिटल अटक नावाची चीजच नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार अटक करायची तर पोलिसाने तुमच्यासमोर उभं राहावं लागतं.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षातली एक दुपार सांगतो. आमच्या शाखेत एक निवृत्त मुख्याध्यापक आले. मुदत ठेव मोडायची, सगळी रक्कम आरटीजीएसने पाठवायची. आमच्या काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "सर, मुदत संपायला दोनच महिने राहिलेत, व्याज बुडेल. कशाला मोडता?" "घराचं काम काढलंय," सर म्हणाले. आवाज जरा मोठाच होता, शेजारच्यालाही ऐकू जावा असा. फॉर्म भरताना एक हात सारखा शर्टाच्या खिशावर जात होता. बाईंनी मान वर केली, खिशातून फोनच्या पडद्याचा उजेड दिसत होता. त्या काही बोलल्या नाहीत. पैसे काढायच्या स्लिपच्या पाठीवर लिहिलं, 'फोन चालू आहे?' आणि काचेखालून सरकवलं. सरांनी मान हलवली. मग बाईंचंच पेन घेऊन खाली लिहिलं, 'पोलीस.' त्यांचं अक्षर फळ्यावर लिहिल्यासारखं सुंदर होतं, तेवढं थरथरत होतं. आम्ही सरांना आत बसवलं, कॉल कापला. फोन पुन्हा वाजत राहिला. ठेव मोडली गेली नाही.

सरांना हा प्रकार ठाऊक नव्हता असं नाही. त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. पण आयुष्यभर शिस्तीत वागलेल्या माणसाला 'पोलीस' म्हटलं की आधी स्वतःचीच चूक शोधायची सवय असते. लबाड माणूस अशा फोनवर चार शिव्या हासडून मोकळा होतो. सापडतो तो सरळमार्गी. शिवाय मुलगा परगावी, बायको आजारी, विचारायचं कुणाला? या धंद्याचं भांडवल ओटीपी नाही, माणसाला एकटं पाडणं आहे. 'कुणाला सांगू नका' हे वाक्य ऐकलंत की पुढचं ऐकायची गरज नाही, मग बोलणारा स्वतःला सीबीआय म्हणवो, बँक म्हणवो, नाहीतर अडचणीत सापडलेला तुमचा नातू म्हणवो. आवाजसुद्धा आता हुबेहूब करता येतो.

फसल्यावरही माणूस एकटाच राहतो. याचा दोष मी आपल्यालाच देतो. शेजारी फसला की आपण काय म्हणतो? "एवढे शिकलेले, आणि तुम्हाला कळलं कसं नाही?" हे ऐकावं लागू नये म्हणून लोक दोन-दोन दिवस घरात बोलत नाहीत. तेवढ्यात पैसा निघून जातो. तो चोराच्या स्वतःच्या खात्यात जातच नाही. कॉलेजातल्या पोराला, रोजंदारीवरच्या कुणाला पाच-दहा हजार देऊन भाड्याने घेतलेली खाती असतात. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून दहांत आणि मग रोख किंवा क्रिप्टो. (आपल्या मुलांना हेही सांगा, की खातं भाड्याने दिलं तर पोलीस पहिले त्यांच्याच दारात येतात.) १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच फोन केलात तर पैसा ज्या खात्यात असेल तिथेच रोखून धरता येतो. तास गेला की कठीण, दिवस गेला की फार कठीण. फोन करताना रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा, आणि बँकेलाही कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे, तुमची चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर एक रुपयाचाही बोजा नाही. पिन तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, त्यानंतरचं बँकेचं. म्हणजे लाज वाटून घालवलेला प्रत्येक तास तुमच्या खिशातून जातो.

पलीकडून बोलणाराही कधीकधी डांबलेला असतो. नोकरीच्या आमिषाने थायलंडला नेलेली आपली मुलं म्यानमारमधल्या कुंपणाआडच्या इमारतींत रोज असे फोन करत होती. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा सुमारे साडेपाचशे जणांना परत आणलं. एप्रिलमध्ये महाराष्ट्र सायबरने साठाहून अधिक जणांना सोडवलं आणि त्यांना तिकडे पाठवणारे इथले दलाल पकडले.

माझ्यापुरता विषय संपला. अध्यक्षांनी प्रश्नांसाठी वीस मिनिटं ठेवली आहेत. कार्यकर्ते कोऱ्या चिठ्ठ्या घेऊन फिरत आहेत. ज्यांच्या बाबतीत असं काही घडलं असेल त्यांनी काय घडलं ते लिहून द्यावं, मी वाचून दाखवीन आणि आता पुढे काय करता येईल तेही सांगेन. चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही.