तारेच्या गावात फुंकीचे पाहुणे

बासरी-सनई शिकवणाऱ्या मित्रांनो,

'तारेच्या गावात फुंकीच्या लोकांना कशाला बोलावलंत?' असं काल इथं मिरजेत एकानं मला विचारलं. प्रश्न रास्त आहे. सतारमेकर गल्लीत माझा जन्म भोपळे, तारा आणि कानशी यांच्यात गेला. बासरी घेतली ती एकदाच, लहानपणी मिरासाहेबांच्या उरुसात. महिनाभर तिच्यातून नुसता वारा निघाला.

तरी तुम्हाला बोलवावंसं वाटलं, ते जवारीमुळं. तंबोऱ्याची तार नुसती चढवली तर वाजते, पण बोलत नाही. घोडीचा माथा जरा जरा घासायचा, तारेखाली सूत सरकवायचं, कान लावायचा, पुन्हा घासायचं. एकदा जवारी लागली, की गवयाच्या मांडीवर तयार आवाज जातो. तुमच्याकडं ही सोय नाही. बासरीची जवारी म्हणजे वाजवणाऱ्याचे ओठ, आणि ती रोज सकाळी नव्यानं लावायची. फुंक छिद्राच्या कडेवर नेमकी पडली तर सूर, नाहीतर माझ्यासारखा वारा. बासरी आत किंचित वळली की सूर उतरतो, घुसमटतो; बाहेर वळली की चढतो. हे सगळं शिष्याच्या ओठाशी घडणार, गुरूला तिथं कानस चालवता येत नाही. आमचा धंदा त्या मानानं सोपा म्हणायचा.

पन्नालाल घोष यांनी ३२ इंचांच्या आसपासची लांब बासरी रूढ केली आणि ख्यालाचं गांभीर्य तिच्यात आणलं. पण मंद्रातल्या सुराला जोर चालत नाही. नवा मुलगा जोर लावतो आणि सूर टुणकन वरच्या सप्तकात जातो. 'हळू' म्हटलं, की फुंकच ढिली पडते. फुंक बारीक हवी, संथ हवी, पण सैल नको; हे शब्दांत कसं सांगणार?

जुन्या सनईवाल्यांनी शब्दांचा नादच सोडला होता. घरातलं पोर आधी सूर धरायला बसायचं. थोरला राग वाजवतोय, आणि हा गालात हवा राखून, नाकानं श्वास घेत, तासन्‌तास एकच षड्ज तुटू देत नाही. आता पालकांना दुसऱ्या महिन्यात गाणं हवं असतं, त्याचा व्हिडिओही हवा असतो. फी तेच देतात, त्यामुळं तुमची अडचण कळते. पण थोडी घाई तुम्हालाही असते, असं मला वाटतं. यजमानानं पाहुण्यांना बोलू नये. बोललो, माफ करा.

सभागृहात चार तंबोरे जुळवून ठेवलेत. मोबाइलमधला तंबोरा दोन दिवस खिशातच राहू द्या. उद्या पहाटेच्या मंद्रसाधनेच्या सत्रात पंखे बंद असतील, कारण वाऱ्यानं फुंक फुटते. उकडेल. पाण्याचे माठ दाराशी आहेत.