गरम आहे तोवर

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



जून महिन्याचा तिसरा रविवार हा 'फादर्स डे' म्हणून साजरा होतो, हे आमच्या घरात माझ्या मुलाने जाहीर केलं तेव्हा माझे वडील खिडकीशी बसून नेरुळचा पाऊस बघत होते. वय वर्षं सत्त्याऐंशी. ऐकू कमी येतं, पण नको ते नेमकं ऐकू येतं. त्यांनी विचारलं, "कसलो दिवस?" मुलाने सांगितलं, बापाचा दिवस. त्यावर बाबा म्हणाले, "तो मेल्यावर असता. भादव्यात."

आम्ही हसलो, पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आपल्या पंचांगात आईसाठी पिठोरी अमावास्या आहे. बापासाठी पितृपक्ष आहे, म्हणजे आख्खा पंधरवडा आहे, पण तो मिळवायला आधी जावं लागतं! जिवंत बापासाठी आपण एकही तिथी राखून ठेवलेली नाही. हा जूनमधला दिवस अमेरिकेतला. वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन गावी सोनोरा डॉड नावाच्या बाईंनी तो १९१० साली सुरू केला. त्यांची आई बाळंतपणात गेली आणि वडिलांनी सहा मुलं एकट्याने वाढवली. त्या वडिलांसाठी तो दिवस. तिथेही सरकारदरबारी त्याला कायमची मान्यता मिळायला १९७२ साल उजाडलं. बापाच्या बाबतीत जगभर सगळे सावकाशच असतात असं दिसतं.

तर सांगायची गोष्ट अशी की, गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, आमच्या घरात तीन बाप होते. बाबा, मी आणि माझा मुलगा. त्याला तीन आठवड्यांपूर्वी मुलगी झाली होती. मग ठरलं, त्या रविवारी सकाळी शिरवाळे करायचे.

शिरवाळे म्हणजे काय हे कोकणाबाहेरच्या श्रोत्यांना सांगायला हवं. तांदळाच्या पिठाच्या शेवया, पण वाळवलेल्या नव्हेत, ताज्या, मऊ. त्या नारळाच्या रसात बुडवून खायच्या. रसात गूळ आणि वेलची. आमच्या नातवंडांच्या भाषेत सांगायचं तर 'नूडल्स'. दोन मिनिटांत मात्र होत नाहीत, निदान दोन तास लागतात, आणि घरातली निदान दोन माणसं. पिठाची उकड काढायची, तिचे गोळे करायचे, ते उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि एकेक बाहेर काढून कढत असतानाच साच्यात घालून दाबायचे. खरी मेख इथेच आहे. शिजलेला गोळा चिवट असतो. त्याला ताकद लागते. म्हणून आमच्याकडे साचा दाबायचं काम पुरुषाचं. मालवणकडच्या आमच्या घरी लाकडाचा मोठा साचा होता. त्याच्या दांड्यावर सगळा भार टाकावा लागे. माझ्या वडिलांना स्वयंपाकघरात काम करताना मी पाहिलं ते एवढंच.

पण ते पाहायचे प्रसंगही थोडेच. बाबा मुंबईला गिरणीत होते. लालबागला गावाच्या मंडळाची खोली होती, तिच्यात पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपायचे. एक उठला की दुसरा त्याच जागी आडवा व्हायचा. जेवण खानावळीत. गिरणगावातल्या या खानावळी चालवणाऱ्या बायकांनी पुढे १९७५ साली प्रेमाताई पुरव यांच्या बरोबरीने अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. माझ्या बापाला वीस वर्षं त्यांच्यातल्याच एका बाईंनी जेवू घातलं. त्यांना मी कधी पाहिलं नाही. आई मात्र त्यांच्यासाठी दर वर्षी कोकमं पाठवायची.

बाबा गावी यायचे ते शिमग्याला किंवा गणपतीला, फार तर मे महिन्यात. रात्रभर एस. टी. चा प्रवास करून सकाळी उतरायचे. आदल्या दिवशी आई तांदूळ धुऊन, सुकवून दळून ठेवायची. बाबा आंघोळ करून आले की अंगावरचं पाणी वाळायच्या आत साच्यापाशी बसायचे. आम्ही मुलं दाराआडून बघायचो. हा कोण पाहुणा, आणि हा इतक्या हक्काने आमच्या साच्यावर कसा बसतो, असं मला वाटायचं. दहा-पंधरा दिवसांनी सवय होते न होते तोच ते परत जायचे.

म्हणजे शिरवाळे हा आमच्यासाठी सणाचा पदार्थ नव्हता. तो बाप आल्याचा पदार्थ होता.

मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसं बाहेर पडली. त्यातली कितीतरी कोकणात, घाटावर आपापल्या गावी परतली. बाबाही आले. मी तेव्हा तेरा वर्षांचा. त्या वेळी ते आठ महिने घरी होते. माझ्या आयुष्यात बाप पहिल्यांदाच इतके दिवस घरात होता, आणि त्या आठ महिन्यांत आईने एकदाही शिरवाळे केले नाहीत. घरात गूळ नव्हता असं नाही. नारळ तर दारातच होते. ओटीवर बसून बाबा दिवसभर रस्त्याकडे बघायचे. कुणी काही विचारलं तर "बघूया" एवढंच उत्तर. एकदा मी आईला विचारलं, शिरवाळे का करत नाहीस? ती म्हणाली, "आता कोण इला हा?"

तो प्रश्न बाबांनी ऐकला असावा. दुसऱ्या दिवसापासून ते कुणाच्यातरी बागेत मजुरीला जाऊ लागले.

संप मोडला असं कुणी कधी म्हणालं नाही. तो विरून गेला. बाबांना पुन्हा गिरणीत घेतलं नाही. कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार मुंबईहून खाडीपलीकडे आला होता. तिथे एका गाळ्यावर त्यांना हिशेब लिहायचं काम मिळालं आणि १९८४ साली त्यांनी आम्हाला वाशीला आणलं. तेव्हा वाशीला रेल्वे नव्हती, ती १९९२ ला आली. खाडीपुलावरून बसने यायचं. एका खोलीत आम्ही पाच माणसं. मी सोळाव्या वर्षात. तेव्हा कुठे मला कळलं की माझा बाप रात्री घोरतो, चहा बशीत ओतून पितो आणि हिशेब करताना ओठ हलवतो. या गोष्टी मुलाला तिसऱ्या-चौथ्या वर्षीच कळायला हव्यात.

आता गेल्या वर्षीच्या रविवारकडे येतो. आमचा गावचा साचा वाळवीने खाल्ला. आई जाऊन बरीच वर्षं झाली, तिच्यामागे साच्याची कुणी चौकशीच केली नव्हती. मग शेजारच्या केरळी बाईंकडून इडिअप्पमचा पितळी साचा आणला. नवी मुंबईत हे एक बरं आहे. एका मजल्यावर चार दारं, आणि चार दारांआड चार प्रकारच्या शेवया. मात्र साचा देताना त्या म्हणाल्या, तुम्ही आधी शिजवून मग दाबता? आम्ही आधी दाबतो, मग वाफवतो. बरोबरच आहे. कच्चं पीठ मऊ असतं, त्याला छोटा, हाताने पिळायचा साचा पुरतो. आमच्या शिजलेल्या गोळ्यापुढे तो टिकेल का, ही शंकाच होती.

माझा मुलगा केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. तिथे बापाला पंधरा दिवसांची पगारी रजा मिळते. १९९७ पासून मिळते. खासगी नोकरीत असा कायदा अजून नाही, ज्याच्या त्याच्या मालकाची मर्जी. मुलगा रजेवर होता. बाळाचे लंगोट बदलत होता, रात्री खांद्यावर घेऊन फिरत होता. बाबा हे सगळं खिडकीपासून बघत. त्यांनी मला तीन वेळा विचारलं, "पंधरा दिवस? आणि पगारी?" तिसऱ्या वेळी मला राहवलं नाही. मनात कित्येक वर्षं होतं ते मी बोलून गेलो. म्हणालो, "बाबा, माझ्या वेळी तुम्ही आलाच नाहीत."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मग म्हणाले, "पत्र गावला तां आठ दिवसांनी. बदली कामगार मी. रजा कोण देतलो?"

श्रोतेहो, बदली कामगार हा शब्द आता फारसा कानावर येत नाही. कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागी एका दिवसापुरतं काम मिळवणारा तो बदली. त्याने रोज पाळीच्या वेळी गेटवर हजर राहायचं. नाव पुकारलं तर काम, नाही तर घरी. पण काम मिळो न मिळो, हजेरी चुकवायची नाही. चुकली तर नंबर मागे जायचा, आणि कायम होण्याची वाटही लांबायची. माझा जन्म १९६८ च्या ऑगस्टमधला. पावसाळ्यात बोट बंद. एस. टी. ने जाऊन येऊन चार दिवस मोडणार. ते चार दिवस त्यांच्याकडे नव्हते.

"शिमग्याक इलंय तेव्हा तू रांगत होतस," बाबा म्हणाले. "माका बघून रडलस."

एवढंच. त्यात तक्रार नव्हती. मला मात्र माझा हिशेब आठवला. माझा मुलगा १९९५ साली कणकवलीला, त्याच्या आजोळी जन्मला. मी तेव्हा बँकेत होतो. बदली नव्हे, कायम. खात्यात साठवलेली रजा भरपूर होती. तरी मी शनिवारी रात्री गेलो आणि सोमवारी सकाळी कामावर हजर झालो. कुणी अडवलं नव्हतं. बाळंतपण हे बायकांचं काम, तिथे आपण काय करणार, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. माझ्या बापाला गेटवर उभं राहावं लागत होतं. माझ्यासमोर कुठलंच गेट नव्हतं. हे मी त्या दिवशी बायकोला सांगितलं. ती नारळ खवत होती. म्हणाली, "तीस वर्षं झाली. आधी गूळ चिरा."

मग आम्ही कामाला लागलो. पाणी उकळलं, गोळे शिजले. पहिला गोळा मुलाने साच्यात घातला आणि पिळायला गेला तर दांडा हलेना. मी हात लावला. दोघांनी मिळून जोर केल्यावर चार-सहा तार बाहेर आले. बाबा खुर्चीवरून ओरडले, "गरम आसा तवसर दाब! थंड झाला काय येवचा नाय!" शेवटी त्यांना राहवेना. काठी टेकत आले, खुर्ची ओट्याशी ओढून घेतली आणि साच्यावर हात ठेवला. ताकद आता कुठली असणार? पण हात कुठे धरायचा ते त्यांना ठाऊक होतं. मुलाने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी पिळलं. शिरवाळ्याचा पांढरा गुंता ताटात सरसर उतरला. पाठोपाठ दुसरा, तिसरा.

तेवढ्यात आतून बाळ रडलं. सूनबाई आंघोळीला गेली होती. मुलाने बाबांकडे बघितलं, साच्याकडे बघितलं. गोळे परातीत वाफाळत होते. बाबा म्हणाले, "जा, जा तू. ता आधी." मुलगा हात पुसत आत गेला. मी साच्यावर बसलो. बाबा आणि मी असे एका दांड्यावर त्याआधी कधी बसलो नव्हतो. त्यांचा हात मऊ झाला होता. बोटांवरचे जुने घट्टे मात्र तसेच होते.

आम्हा दोघांचा वेग अर्थातच कमी. शेवटचे सहा-सात गोळे थंड झाले ते झालेच. साच्यातून यायचं नाव घेईनात. बाबांनी ते तसेच वाटीत घेतले, बोटाने मोडले, त्यावर रस ओतला आणि खायला सुरुवात केली. मुलगा बाळाला खांद्यावर घेऊन बाहेर आला तेव्हा त्याच्यासाठी शिरवाळ्यांचं ताट झाकून ठेवलेलं होतं. एका हाताने त्याला खाता येईना, तेव्हा बाबांनी वाटी खाली ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले.

"दी हयसर," ते म्हणाले. "तू खा."

बाळ रडलं नाही.