कार्डावरची चोरी : भुर्दंड कोणाच्या माथी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



दुपारचे जेवण आटोपून निवृत्त कारकून जरा आडवा होतो, तोच फोन वाजतो. पलीकडचा आवाज सुशिक्षित, अदबशीर आणि किंचित घाईतला असतो. कार्डाचे शेवटचे चार आकडे त्याला आधीच ठाऊक असतात; नावही तो बरोबर घेतो. कार्डावर आज रात्री काही हजारांचा वार्षिक आकार लागणार आहे, तो रद्द करावयाचा असल्यास मोबाइलवर आलेला सहा आकडी क्रमांक सांगावा, एवढेच त्याचे मागणे. क्रमांक सांगितला जातो आणि मिनिटभरात कार्डाची सारी मर्यादा कुठल्याशा दुकानाच्या नावे खर्ची पडते. यानंतरचा प्रसंग अधिक बोलका आहे. दुसऱ्या दिवशी हा गृहस्थ बँकेत जातो तेव्हा काचेपलीकडून एकच वाक्य त्याच्या वाट्याला येते : 'ओटीपी तुम्हीच दिलात, आता बँक काय करणार?' घरी मुलेही तेच म्हणतात. मग तक्रार लिहिण्याऐवजी तो शरमेने गप्प बसतो आणि बिलाचे हप्ते पाडून घेतो.

अशी माणसे प्रत्येक वस्तीत आहेत. कार्यकर्त्याकडे ती येतात ती फार उशिरा, बहुधा वसुलीचे फोन सुरू झाल्यावर. सावध राहा, हा उपदेश त्यांना सर्वांनी केलेला असतो आणि तो चुकीचाही नाही. परंतु सगळा विचार तेथेच थांबला तर मूळ प्रश्न झाकला जातो. चोरी झाली तर नुकसान कोणी सोसायचे? या प्रश्नाचे उत्तर यंत्र देत नाही, कायदा देतो. आणि ज्याच्या माथी नुकसान पडते तोच कुलूप सुधारण्याच्या खटपटीला लागतो. कार्डाचा इतिहास थोडक्यात पाहिला तरी हे ध्यानात येईल.

१९५८ च्या सप्टेंबरात बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो या शहरी सुमारे ६० हजार कार्डे टपालाने घरोघर पाठविली. कोणी मागितली नव्हती, कोणी अर्ज केला नव्हता. लिफाफा उघडला की आत उधारीचा परवाना. वर्षभरात कॅलिफोर्नियात हाच प्रकार सर्वत्र झाला. फार तर ४ टक्के उधारी थकेल असा बँकेचा हिशेब होता. प्रत्यक्षात २२ टक्के थकली. टपालपेट्यांतून कार्डे चोरीला गेली, दुकानदारांनीही हात धुऊन घेतले, आणि ज्याने कार्ड पाहिलेसुद्धा नाही अशा माणसाच्या दारी बिल येऊन थडकू लागले. अन्य बँकांनी याच मार्गाने जाऊन देशभर कार्डांचा पाऊस पाडला, तेव्हा १९७० साली अमेरिकी काँग्रेसला कायदा करावा लागला. न मागता कार्ड पाठविण्यास त्याने बंदी केली. चोरीच्या वापराबद्दल ग्राहकावर ५० डॉलरपेक्षा अधिक बोजा टाकता येणार नाही असे ठरले. आणि वापर ग्राहकाच्या संमतीनेच झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी कार्ड देणाऱ्यावर आली. तेव्हापासून कार्डाची चोरी हा त्या देशात बँकेच्या नफ्यातोट्याचा प्रश्न झाला, आणि ती रोखण्यात बँकांना रस उत्पन्न झाला.

इंग्लंडमधील गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. केंब्रिजशायर परगण्यातील एका पोलीस शिपायाने १९९२ साली तक्रार केली की आपल्या खात्यातून सहा वेळा मिळून ४६० पौंड कोणी परस्पर काढले. संबंधित वित्तसंस्थेचे म्हणणे असे की आमची यंत्रणा निर्दोष आहे. कार्ड आणि गुप्त अंक वापरले गेले, त्या अर्थी पैसे तुम्हीच काढलेत. संस्था एवढ्यावर थांबली नाही. खोटी तक्रार करून पैसे उपटण्याचा प्रयत्न केला असा खटला उलट त्या शिपायावरच झाला आणि १९९४ साली तो दोषी ठरला. अपिलात बचाव पक्षाच्या तज्ज्ञांनी ती निर्दोष यंत्रणा पाहू द्या अशी मागणी केली. संस्थेने नकार दिला. १९९६ साली तो शिपाई निर्दोष सुटला, पण मधली चार वर्षे त्याला कोण परत देणार? गुप्त अंक वापरला गेल्याची नोंद एवढ्यावरूनच ग्राहकाची संमती सिद्ध होत नाही, हे तत्त्व ब्रिटिश कायद्यात स्पष्टपणे यायला २००९ साल उजाडले.

आता भारताकडे वळू. येथे कुलूप बळकट करण्याचे काम रिझर्व्ह बँकेने बऱ्याच निग्रहाने केले, हे मान्य केले पाहिजे. २००९ च्या ऑगस्टपासून इंटरनेटवरील खरेदीस कार्डाच्या आकड्यांखेरीज आणखी एक खूण सक्तीची झाली. कार्डामागील काळ्या पट्टीवरची माहिती गाण्याच्या कॅसेटप्रमाणे उतरवून घेता येत असे. एटीएमच्या फटीत छोटे यंत्र बसविले की काम झाले. चिप प्रत्येक व्यवहाराला नवी खूण तयार करते, ती पुन्हा वापरता येत नाही. म्हणून २०१८ अखेरपर्यंत पट्टीची कार्डे बदलण्याचा आदेश निघाला. २०२० साली नवी कार्डे केवळ देशांतर्गत आणि केवळ एटीएम व दुकानातील यंत्रापुरतीच सुरू करून देण्याचे ठरले; परदेशी वापर आणि इंटरनेटवरील खरेदी ग्राहकाने स्वतः चालू करावयाची. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना कार्डाचा क्रमांक साठवून ठेवण्यास मनाई झाली.

यंत्राचे दार असे बंद होत गेले तसा चोर माणसाच्या दाराशी आला. झारखंडातील जामताऱ्याचे नाव या धंद्यापायी देशभर झाले. आणि येथेच इंग्लंडातील त्या शिपायाची आठवण होते. ओटीपी हे ग्राहकाचे संरक्षण म्हणून आले. परंतु चोरी झाली की तोच ओटीपी ग्राहकाविरुद्धचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. ओटीपी वापरला गेला म्हणजे तो ग्राहकानेच दिला, हे गृहीत कितपत खरे आहे? लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाची पावती म्हणून व्हॉट्सॅपवर आलेली फाइल मोबाइलमध्ये बसते आणि येणारे संदेश परस्पर चोराकडे धाडते. खोट्या कागदपत्रांवर दुसरे सिमकार्ड काढले जाते आणि मूळ मालकाचा फोन मुका होतो. दोन्ही प्रकारांत मालकाने तोंडातून एक अक्षर काढलेले नसते.

यंत्रणा स्वतःच फसू शकते याचे उदाहरण तर पुण्यात घडले आहे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणकव्यवस्थेत चोर शिरले. बनावट कार्डांना होकार देणारी खोटी यंत्रणाच त्यांनी उभी केली. २८ देशांतील एटीएममधून पैसे निघाले आणि परदेशी वर्ग केलेल्या रकमेसह सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एकाही कार्डधारकाने कोणाला काही सांगितले नव्हते. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना दोषी ठरविले. ते बहुतांशी नोटा काढून आणणारे हस्तक होते.

या पार्श्वभूमीवर ६ जुलै २०१७ चे रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावयास हवे. ग्राहकाच्या संमतीविना झालेल्या व्यवहाराचा बोजा कोणावर, हे त्यात ठरवून दिले. बँकेचा हलगर्जीपणा असेल तर ग्राहकावर शून्य. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, तिसरीकडेच कुठे आहे, आणि ग्राहकाने सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळविले, तरीही शून्य. चार ते सात दिवस लागले तर बोजाला वरची मर्यादा. ५ लाखांपर्यंत मर्यादेच्या क्रेडिट कार्डासाठी ती १० हजार रुपये ठरविली. सातांहून अधिक दिवस गेले तर बँकेच्या स्वतःच्या धोरणावर सारे अवलंबून. ग्राहकाने स्वतः गुप्त अंक सांगितला असेल तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे. पण कळविल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणजे ज्याने चूक केली आहे त्यालाही तातडीने तक्रार करण्याचे सबळ कारण आहे, आणि नेमका तोच शरमेने गप्प बसतो! याखेरीज दोन कलमे काचेपलीकडून सहसा सांगितली जात नाहीत. ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर आहे. आणि तक्रारीनंतर दहा कामकाजी दिवसांत वादग्रस्त रक्कम तात्पुरती खात्यात जमा करून ९० दिवसांत निकाल लावावयाचा आहे. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षीच्या डिसेंबरात असेच परिपत्रक निघाले. क्रेडिट कार्डाबाबत २०२२ च्या निर्देशांत आणखी एक गोष्ट आली : फसवणूक म्हणून वाद घातलेल्या रकमेवर, वाद मिटेपर्यंत, कोणताही आकार लावता येत नाही. न मागता कार्ड देऊन बिल पाठविणाऱ्यास दुप्पट दंड, हेही त्यातच आहे. फ्रेस्नोची गोष्ट आपल्याकडे अजून शिळी झालेली नाही.

दैनंदिन सावधगिरीबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. परदेशी वापर बंद ठेवावा, कारण परदेशांतील अनेक संकेतस्थळे केवळ क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे यांवर माल देत आली आहेत. बँकेचा फोन क्रमांक इंटरनेटवर शोधू नये. तेथे चोरांनी आपले क्रमांक पेरलेले असतात. तो कार्डाच्या पाठीवर छापलेला असतो. ओटीपीच्या संदेशात रक्कम आणि दुकानाचे नाव असते, ते आधी वाचावे; पैसे येणार असतील तेव्हा ओटीपी लागतच नाही. इंटरनेटवर खरेदी करावयाचीच असेल तर डेबिट कार्डापेक्षा अल्प मर्यादेचे क्रेडिट कार्ड बरे, कारण त्यात गेलेले पैसे बिल भरेपर्यंत बँकेचे असतात. डेबिट कार्डात आपलेच पगाराचे पैसे जातात आणि मागणारे आपण होतो.

चोरी झाल्यावर मात्र क्रम चुकू देऊ नये. प्रथम कार्ड बंद करावे आणि तक्रारीचा क्रमांक टिपून घ्यावा. लगोलग १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे. पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतो, तो जेथे पोचला असेल तेथे अडविण्याची व्यवस्था या क्रमांकामागे आहे, आणि ती पहिल्या तासा-दोन तासांतच खरी कामास येते. त्यानंतर बँकेला लेखी अर्ज द्यावा. अर्जात 'माझ्याकडून चूक झाली, कृपया सांभाळून घ्यावे' अशी भाषा नसावी; किती वाजता संदेश आला, किती वाजता कळविले, कोणता व्यवहार नाकारला आहे, एवढेच असावे. वकिलाची गरज नाही. ३० दिवसांत बँकेचे उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

शाखेत अर्ज घेण्यास टाळाटाळ झाली तर तो ईमेलने आणि स्पीड पोस्टाने, दोन्ही मार्गांनी, त्याच दिवशी रवाना करावा. पोचपावतीवरची तारीख तीन दिवसांच्या आत पडली पाहिजे, आणि ते दिवस मोजताना सूचना मिळाली तो दिवस धरावयाचा नसतो.