एकपात्री प्रयोगातील प्रकाश आणि आवाज

बोदलकसा हे गाव ज्या झाडीपट्टीत मोडते, तेथील प्रेक्षकांस रात्रभर चालणारी, अनेक पात्रांनी गजबजलेली नाटके परिचित. परंतु रंगमंचावर एकटाच नट उभा राहतो, तेव्हा बराचसा भार आवाजावर येतो. डॉ. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगातील 52 पात्रे स्वर, लय, बोलीचा हेल आणि देहबोली यांच्या बळावर उभी केली. प्रकाशाने अशा वेळी नटाची ताबेदारी पत्करावी: एका झोताने अवकाश आकुंचित होऊन पुटपुटणेही निकटचे भासते, मात्र चेहरा अंधारात गेला, की शब्दही अर्धवट ऐकू येतात, कारण प्रेक्षक ओठांची हालचाल पाहूनही पुष्कळसे ऐकत असतो. म्हणून हौशी नटांनी रंगीत दिव्यांची फर्माईश करण्यापूर्वी, शेवटच्या रांगेपर्यंत आपला सहज स्वर पोचतो की नाही, याची खातरजमा करावी.