विजेचे शिक्षण

मंडळी, आपल्या सूस गावात बटण दाबले की दिवा लागतो. आज त्या दिव्यामागच्या विद्येविषयी बोलू.

मुळशीचे विजेशी नाते जुने आहे. टाटांनी मुळशीला धरण बांधायला घेतले. जमिनी जाणार म्हणून मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला. सेनापती बापट पुढे होते. तरी धरण झालेच. १९२७ पासून ते पाणी घाटाखाली भिरा येथे पडते. तिथे वीज तयार होते आणि मुंबईला जाते. गावे इथली बुडाली, दिवे मुंबईत लागले. निदान विजेची विद्या तरी आपल्या पोरांच्या हाती यावी, असे मला वाटते.

इंजिनियर म्हणजे खांबावर चढणारा का? नाही. तार जोडतो तो वायरमन. त्याचे काम जोखमीचे आणि मोलाचे. पण तार किती जाड हवी, डीपी केवढी हवी, हे हिशेबाने ठरवतो तो इंजिनियर. समजा, एका डीपीवर दहा मोटारी चालतात. कोणी न विचारता आणखी दहा जोडल्या. डीपी तापते, जळते. ऐन उन्हाळ्यात पीक वाळते. हा बोजा आधी मोजायचा असतो, बरं का! डीपीकडे येणाऱ्या तारेत ११,००० व्होल्टचा दाब असतो. घरात येतो २३०. डीपी तो कसा उतरवते, हे कॉलेजात शिकवतात. त्याला गणित लागते. म्हणून पोराचे गणित कच्चे राहू देऊ नका.

वाटा तीन आहेत. दहावीनंतर आयटीआयत दोन वर्षे शिकून इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन होता येते. औंधला सरकारी आयटीआय आहे. दुसरी वाट डिप्लोमाची. तीही दहावीनंतर, तीन वर्षांची. तिसरी पदवीची. त्यासाठी बारावी सायन्स, मग सीईटी परीक्षा, मग चार वर्षे. पुण्याचे सरकारी इंजिनियरिंग कॉलेज १८५४ सालचे. २०२२ पासून तेच विद्यापीठ झाले आहे.

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. आयटीआय झालेल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला बसता येते. डिप्लोमावाल्याला पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणजे पैशाअभावी आज आयटीआय केले, तरी पुढची वाट बंद होत नाही.

नोकऱ्या कुठे? महावितरण, रेल्वे, हिंजवडी-चाकणचे कारखाने. मोठ्या इमारती, दवाखाने, सौर विजेची कामे. सरकारी परवाना काढून स्वतः ठेकेदारीही करता येते. नोकरी लगेच लागेलच, असे मात्र कोणी सांगितले तर ऐकू नका. हात चालणारा आणि हिशेब येणारा, असा माणूस लवकर लागतो.

आयाबायांनो, हे मुलींनाही येते. पदवीला सरकारी प्रवेशयादीतून नंबर लागला, आणि मुलगी मागास किंवा आर्थिक दुर्बल गटातली असली, घरचे उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असले, तर २०२४ पासून तिची शिकवणीची फी सरकार भरते. खासगी कॉलेजातही. चौकशी केल्याशिवाय "परवडत नाही" म्हणू नका.

उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला मात्र आधीच काढून ठेवा. निकाल लागला की पौडच्या कचेरीत गर्दी होते.

आता कोणाला काय विचारायचे ते विचारा.